बाबा हॉटेलात रागावले

प्रिय प्रेरणा,

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तू दौलताबाद रोडवरचं ते देखणं हॉटेल बुक करून दिलंस, त्याबद्दल आधी तुझी दृष्ट काढते. भिंतीवर चौकटीत घालून पैठणी लावलेली, दारात पितळी घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या. पण आंघोळीला गरम पाणी म्हणशील तर नाही! चहा तासाभरानं आला, तोही बिनसाखरेचा, आणि साखर आणायला गेलेला माणूस गेला तो गेलाच. चादर अशी, की कुणीतरी आत्ताच निजून उठलंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

मी दर वेळी तुझ्या बाबांकडं बघायची आणि ते म्हणायचे, "चालंल." वाळूजच्या कंपनीनं त्यांना मुदतीआधी घरी बसवलं, तेव्हापासून त्यांना सगळंच चालतंय. वांग्यात कीड निघाली तर पिशवी घेऊन भाजीवालीकडं परत जाणारा हा माणूस! तुला बोलले नाही, पण एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. निमूट भुरकली आणि हात धुतला. त्या दिवशी मला फार भीती वाटली गं. ते पूर्वीसारखे होतील ही आशाच मी सोडत चालले होते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल ओले निघाले. बदलून आणावेत म्हणून मी ते काखेत मारून खाली गेले, बाबा मागून जिना उतरत होते. मॅनेजरनं माझी साधी साडी आणि ते टॉवेल बघितले अन् म्हणाला, "मावशी, तेवढी कोपऱ्यातली खोलीपण झाडून घ्या." मला तर हसूच येत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "नाय चालायचं! माझी बायको हाय ती. आधी खुर्ची द्या तिला, अन् माफी मागा!" बागेतला माळी हातातला पाइप टाकून आत धावला. मग पाणी, चहा, चादर, एकेक करून सगळ्या तक्रारी बाहेर निघाल्या. मॅनेजर बिचारा हात जोडून साहेब, साहेब करत होता. मी खुर्चीत बसून पदर डोळ्यांना लावला. त्याला वाटलं, अपमानानं रडतेय. मी आनंदानं रडत होते, प्रेरणा. येताना ते रिक्षावाल्याशीही भांडले, आणि सीताफळं एकेक दाबून बघून घेतली.

हे फोनवर सांगता येईना, कारण फोन आता त्यांच्याच हातात असतो. म्हणून तुझा मामेभाऊ आकाश पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर हे धाडतेय. रविवारी ते तुला फोन करणार आहेत. "असलं हॉटेल बघून देत असतेत व्हय आईबापाला? इचारतोच तिला," असं कालपासून घरात चालू आहे. तेव्हा पोरी, माफी मागू नकोस, समजावू नकोस, मध्ये बोलूही नकोस. त्यांना पोटभर रागावू दे. आणि कितीही कामात असलीस तरी फोन लवकर ठेवू नकोस.

तुझीच,
आई