पाइपातली हवा

१४ मे १९८६

दिल्लीत आल्यावर दर्यागंजच्या फुटपाथवर ही वही घेतली त्याला महिना होऊन गेला. रोज ठरवायचं, आज लिहू, आणि रोज कुठेतरी भटकायला निघायचं. परवा तर एका मदाऱ्याच्या मागे उगाच शाहदऱ्यापर्यंत गेलो, अस्वल बघायला. तर आज लिहितोच, कारण आज घर मिळालं. म्हणजे सरकारी क्वार्टर. पहिला मजला, एक खोली, स्वयंपाकघर, मागच्या गल्लीवर जाळीची खिडकी. कागदावर ते विनायकरावांचं, पण ते फरीदाबादला स्वतःच्या घरात राहतात. मी कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये वाढपी आहे. तिथल्या राजाभाऊंनी जमवून दिलं. म्हणाले, साताऱ्यापासून इथवर कुठे टिकला नाहीस, इथे तरी टिक.

खालच्या अहिल्याकाकूंनी आल्या आल्या पोहे दिले आणि नियम सांगितला. क्वार्टर असं दुसऱ्याला देणं चालत नाही, पण या ब्लॉकमधली निम्मी घरं तशीच. इन्स्पेक्शनवाले आले की काकू बाहेरून कुलूप लावणार. मी आत बसायचं. ते गेले की काकू कुलूप काढणार. बिल्कुल आवाज करायचा नाही. मला मजाच वाटली, लपंडावच की.

नळाला मात्र पाणी नाही. उन्हाळाभर खालून बादली आणायची.

२२ मे

आज पहिलं इन्स्पेक्शन. दुपारी एकला काकूंनी कुलूप लावलं, मी आत शेंगदाणे खात बसलो. जिन्यात बूट वाजले, खाली गेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाइपावर ठोके पडायला लागले. टण टण टण. थांबून परत तीन. कोणीतरी वाटी आपटावी तसे. एरवी दुपारी मी कँटीनमध्ये असतो, म्हणून कधी ऐकू आलं नसावं. काकूंनी कुलूप काढलं तेव्हा विचारलं. म्हणाल्या, पाइपात हवा आहे.

२७ मे

सुट्टी. ठोके दीडला सुरू. आज शोधूनच काढायचं म्हणून वर गेलो. वर जयंतराव, कुठल्याशा मंत्रालयात हेडक्लार्क, आज रजेवर, बनियनवर पेपर वाचत होते. त्यांच्या पाइपाला कान लावला तर आवाज खालून येत होता. जयंतराव म्हणाले, हवा आहे यार पाइपात. मग काकूंकडे गेलो. तिथे आवाज वरून. काकूही म्हणाल्या, हवा. दोघांचं अगदी एकच वाक्य, पाठ केल्यासारखं.

मध्ये माझंच घर. पुढे शोधणार होतो, पण खाली कुल्फीवाला आला.

३० मे

पाइपावर मी टॉवेल वाळत घालतो. आज तो काढला. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर रंग उडालाय. खाली नुसते पोचे, शेकडो.

आणि पाण्याचा थेंब नसलेल्या पाइपात हवा कसली वाजते?

१ जून

काकूंची उल्का, वय नऊ, जिन्यात सागरगोटे खेळत होती. तिलाच विचारलं.

"ते तर आजी वाजवते. कटोरीने," ती म्हणाली. "मम्मी म्हणते, बोलायचं नाही."

काकू भेंडी चिरत होत्या. सगळं सांगेपर्यंत सुरी थांबली नाही त्यांची. माझ्याआधी त्या घरात प्रभावतीबाई राहायच्या. मुलगा खंडेराव फौजेत, सीमेवर. कँटोन्मेंटात घर मिळेपर्यंत म्हातारीला इथे ठेवून गेलेला. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये इन्स्पेक्शन आलं, काकूंनी कुलूप लावलं. घर बंद दिसलं म्हणून त्या लोकांनी कुलपावर लाखेचं सील केलं आणि गेले. चावी काकूंच्या हातात होती. पण सील कोण तोडणार? तोडणाऱ्याचं नाव लागणार, आपलं क्वार्टर जाणार, मग सगळ्या ब्लॉकची चौकशी. म्हणून विनायकरावांनी अर्ज केला, सील काढावे, आत सामान आहे.

अकराव्या दिवशी उत्तर आलं.

मी विचारलं, ती वाजवत होती तेव्हा तुम्ही काय केलंत. काकू म्हणाल्या, "कूलर लावला."

४ जून

घर सोडायचं ठरवलं होतं. पण जायचं कुठे? परत कँटीनच्या बाकावर झोपायचं? पुढच्या महिन्यात बघू.

आज कँटीनला दांडी मारली. दुपारी पोस्टमन जिन्यात थबकला. ये ठक-ठक कैसी, म्हणाला. मी म्हणालो, पाइप में हवा है. तोंडातून आपोआप गेलं. मग किती वेळ आरशात बघत बसलो.

९ जून

चलो, हरिद्वार. इथून थोडे दिवस तरी सुटू. राजाभाऊंना सांगून आलो, महिनाभर येत नाही. हसले. तू आलास तर आलास, म्हणाले.

१० जून

सकाळी पिशवी भरली, चप्पल घालणार तोच कुलूप लागलं. जिन्यात बूट. मी गप्प बसलो. सवयीने. मग दाराखालून वास आला. जळत्या लाखेचा.

बूट गेले. काकू आल्या नाहीत.

संध्याकाळी दाराशी हळूच बोलल्या, काळजी करू नकोस, विनायकरावांनी अर्ज दिलाय. मी विचारलं, अर्जात काय लिहिलंय? परत विचारलं.

"सामान आहे म्हणून," म्हणाल्या. आणि जिना उतरल्या.

११ जून

दाराला लाथा घातल्या. पाय सुजला. जाळीतून गल्लीत ओरडलो. पोरं वर बघायला लागली. आयांनी आत बोलावली. खिडक्या बंद. जयंतराव ऑफिसातून आले, माझ्या दाराशी थांबले, मी नावाने हाक मारली— चढून गेले. वर रेडिओ मोठा झाला.

१२ जून

बादली संपली. घसा—
आज दुपारी ठोके नाहीत. पहिल्यांदाच.
मग मी वाटी घेतली. तीन. थांबून तीन. पोचे हाताला बरोबर सापडतात. खाली काकूंचा कूलर सुरू झाला.

१३ जून बहुतेक

वाजवतोय. जिन्यात कोणीतरी नवीन माणूस काहीतरी विचारत होता. उल्का म्हणाली, हवा आहे. उल्का—

दुपार

कोणीतरी आलंय. दार नाही उघडलं, लाखेचा तुकडा पडला नाही, कडी वाजली नाही. स्वयंपाकघरात माझ्या शेजारी, पाइपाला टेकून. नऊवारी पातळ. वाटी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. ओठ फुटलेत. तोंड माझ्या कानाशी आणून, अगदी दबक्या आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये असं—

"गेले का रे ते?"

काय सांगू हिला, मी हिला काय—