अबोलीचा अर्धा गजरा

आत्या,

दोरा दातात धरून शेवटची गाठ मारत होते. ओसरीवरून मामांनी विचारलं, "झाला का गं?" झाला, मी म्हणाले. तुमच्या माघारी लावलेल्या अबोलीचा हा पहिला गजरा. त्याचं काय करायचं यावरून आम्हा सासरा-सुनेचं बोलणं झालं, म्हणून लिहायला बसले.

तुमचा मुलगा गेला आणि मी आरशासमोर उभं राहणं सोडलं. वर्षश्राद्धानंतर एका सकाळी तुम्ही तुमचा गजरा मधोमध तोडलात. अर्धा स्वतःच्या अंबाड्यात, अर्धा माझ्या वेणीत. मी मान मागे घेतली, तर म्हणालात, "हालू नको. टाचणी टोचंल." एवढंच. पुढं रोज तसंच.

शेजारच्या शकुंतलाकाकू दारातूनच म्हणाल्या होत्या, "सुनेला फुलं? बरं दिसतंय का हे?"

"झाडाला इचारा," तुम्ही म्हणालात. "मी लावलं, ते फुललं. कुणाच्या डोक्यात जायचं ते त्यानं न्हाई इचारलं मला."

काकू फणकाऱ्यानं गेल्या आणि संध्याकाळी विरजण मागायला परत आल्या.

शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे. "आत्यांनी घातला. ऐकत नाहीत." तुम्हाला हे ठाऊक होतं का? असणार. फुलं खुडायला शिकवलंत, ओवायला शिकवलंत. माळायला का नाही शिकवलंत, आत्या? ते तेवढं स्वतःच्या हातात ठेवलंत.

तुम्हाला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं त्या उन्हाळ्यात झाडं वाळली. आम्ही मुखेडला परतलो ते तुमच्याशिवाय. फडक्यात बांधलेले वाळके तुरे तेवढे उरले होते, बियाण्याचे. धूळ बसली होती म्हणून मी ते ताटात घेऊन पाणी शिंपडलं.

थोड्या वेळानं चट् असा आवाज झाला. मामा पेपरातून म्हणाले, "पाल हाय का?" पुन्हा चट्. मग एक बी त्यांच्या चष्म्यावर येऊन आपटलं.

पाणी लागलं की अबोलीची बोंडं फुटतात आणि बी वाटेल तिकडं उडतं, हे मला कुठं माहीत होतं? तुम्ही परातीवर फडकं टाकायचात ते मला वाटायचं माश्यांसाठी!

"मेली तरी गप बसंना ही," मामा म्हणाले आणि हसायला लागले. ते हसतात हे मी विसरले होते. मग सासरा-सून दोघं गुडघ्यांवर. बाजेखाली, पिठाच्या डब्यामागं, चपलांत. बी चपटं, ओलं झालं की बोटाला चिकटणारं. मिळालं तेवढं मिळालं.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. "कनकांबरमला ओले पाय सोसत न्हाईत," असं तुम्ही म्हणायचात. अबोलीचं तेलंगणातल्या माहेरचं हे नाव तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत. म्हणून निम्मी वाळू घातली, शेणखत घातलं. बी वरच्यावर पसरून जेमतेम झाकलं. जागा शेवग्याखालची निवडली. सकाळी ऊन, दुपारी सावली.

बरेच दिवस काहीच नाही. मामा रोज वाकून बघत आणि मलाच सांगत, "तू सारखं बघू नको. लाजंल ते." मग दोन-दोन पानं वर आली. रोपं वीतभर झाल्यावर शेंडे खुडायचे होते, म्हणजे फांद्या फुटतात. माझा हात धजेना. इतक्या कष्टानं आलेलं कसं तोडायचं? मामांनी खुडले. दिवाळी झाली आणि केशरी रंग दिसला.

आज मी अख्खा गजरा घेऊन तुमच्या फोटोकडं निघाले होते. ते सोपं होतं.

"अख्खा?" मामांनी विचारलं.

"त्यांच्याच झाडाचा आहे."

"तिनं अख्खा कधी घातला होता का?" त्यांनी अडकित्ता पुढं केला. "घे. दोरा कापंल ह्यानं." आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

कापला, आत्या. अर्धा तुमच्यापाशी आहे. अर्धा ताटात, ओल्या फडक्याखाली. अबोली लवकर कोमेजत नाही. उद्यापर्यंत राहील.

पुढच्या खेपेला तुरे झाकून भिजवीन. बी निघेल त्यातलं थोडं शकुंतलाकाकूंना देईन, घेतलं तर. पाणी बेतानं घालीन. आणि मान मागे घेणार नाही.

तुमची सून,
सुमन

सकाळी आरशासमोर उभी राहिले. टाचणी एकदा टोचली. बस गाठायला निघाले तेव्हा शकुंतलाकाकू फाटकाशी होत्या. "आज कुणी घातला गं?"

"मी," म्हणाले.