बँकेतून निघालेली पावलं

चौसाळा

तीर्थरूप मोहनमामांना भाचा रामेश्वरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमचं राजकारण दोन्ही हिंडतं-फिरतं असेल, अशी आशा आहे. आमची शाखा वाचली हे कळवायला हे पत्र. वाचवली ती तुमच्या बहिणीनं, सत्यभामामावशीनं. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

सरकारचं धोरण म्हणजे आज एक, उद्या दुसरं. शेतमालाची निर्यात सकाळी चालू, संध्याकाळी बंद. कर्जमाफी होईल या आशेवर जुनं कर्ज कोणी भरीना, आणि त्याच धास्तीनं नवं आम्ही देईना. मग व्याज यायचं कुठून? मुख्य कार्यालयानं फर्मावलं, की व्याजावर विसंबू नका, विमे विका, लॉकर भाड्यानं द्या, नाहीतर तुमची शाखा तेलगावच्या शाखेत विलीन करू. (विमा घेऊन मी पहिल्यांदा धोंडीरामकडं गेलो. तो मेंढरं घेऊन दुसऱ्या तालुक्यात निघून गेला.) लॉकरला तर कुत्रं विचारत नव्हतं. शेवटी मावशीनं आपल्या महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे आणून ठेवले, आणि तिच्या मागोमाग गावातल्या बायका आल्या. बघता बघता सगळे लॉकर भरले.

मग महालक्ष्म्यांचा सण आला, तो नेमका रविवारी. मी मोठ्या भक्तिभावानं सुट्टीच्या दिवशी बँक उघडली. बायकांनी मुखवटे घेतले आणि कुंकवाची पावलं काढत लक्ष्मी घरी नेली. रीत घराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंतची. पण लक्ष्मी निघाली बँकेतून, म्हणून यांनी सुरुवात आमच्या दारातूनच केली. सोमवारी गाव बघतं तर लक्ष्मीची सगळी पावलं बँकेतून बाहेर गेलेली, आत येणारं एकही नाही. दार उघडायच्या आधीच ठेवी मोडायला रांग लागली. मी नियम वाचून दाखवले. रांग आणखी वाढली.

मावशी पुरणपोळी तव्यावर सोडून आली आणि रांगेपुढं उभी राहिली. म्हणाली, "लेकी तीन दिस माहेराला आल्यात. सासर हितंच हाय त्यांचं. लेक माहेराला गेली मनून सासरचं घर मोडतेत का रे?"

रांग हसली आणि पांगली. तिसऱ्या दिवशी मुखवटे परत ठेवायला येताना त्याच बायकांनी आत येणारी पावलं काढली, पार तिजोरीपर्यंत. ती मी अजून पुसू दिलेली नाहीत. मावशीच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

तुमचा लाडका (असं आई म्हणते) भाचा,
रामेश्वर

ता. क. मामींना नमस्कार. त्यांनी विमा काढलाय का?

आणखी ता. क. त्या रांगेत सगळ्यात पुढं तुमचा गडी अंगद होता, थेट तुमच्या उमापूरहून, ठेव मोडायच्या अर्जावर तुमची सही घेऊन. मावशीनं त्याला ओळखलं नाही. मी चहा पाजून परत पाठवला. तुमच्या ठेवीची मुदत दिवाळीआधी संपते. ती वाढवायला स्वतः या, म्हणजे भाऊबीजेला मावशी तुम्हाला ओवाळेल तेव्हा माझं तोंड बंद राहील.