आईचा चेहरा माझ्याकडे आला

सान आन्सेल्मो,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय लिबार्दो,

इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी, गाय आणि कोंबड्या. बाकी या घरात उरलंय कोण? तू, येसेनिया आणि लेक वालेरिया बरे असाल असं धरून चालते. तुझी बायको सांगत होती की तू आणखी सुटलायस. समुद्राकाठचा तो उकाडा, त्यात दिवसभर भट्टीसमोर उभं राहायचं, आणि तरी माणूस लठ्ठ कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. लिफाफा घ्यायला गेले तर दुकानातला हिल्दार्दो म्हणाला, "काय बाई, प्रेमपत्र का?" म्हटलं, "हो. एका जाड्या पाववाल्याला." आता दोन दिवस गावाला चघळायला पुरेल. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? "हं, हं, बरं, देव तुझं भलं करो," की लगेच फोन येसेनियाच्या हातात. आणि पत्र परत वाचता येतं, हेही आहे.

बातम्या बऱ्याच आहेत. नवीन पाद्री आलाय, गिटार वाजवतो, म्हाताऱ्या बायका खूश आणि म्हातारे बाप्ये चिडलेले. पिंताद गाय व्याली, कालवड झाली. शेजारच्या बेर्ताने नवे दात बसवले. ती आता कारण नसताना हसते. आईच्या खोलीचं छप्पर नीट करून घेतलं. खोली रिकामीच आहे. उशी मात्र अजून धुतलेली नाही.

गेल्या आठवड्यात मेदेयिनला जाऊन आले. डॉक्टरांकडे.

तू म्हणशील, आता कशाला, ते औषध तर बंद झालं. हो, झालं. कसं झालं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. आम्हा सगळ्यांना एका सभागृहात बोलावलं होतं. इतकी वर्षं पंधरवड्याला पहाटेची बस धरून टोचून घ्यायला जाणारे आम्ही, आसपासच्या डोंगरातले, बहुतेक एकमेकांचे चुलत-मावस. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः उभं राहून सांगितलं, की औषधाने जे करायला हवं होतं ते केलं नाही. म्हातारपणाआधीच सगळं विसरायला लावणारा आपला हा बोबेरा थांबत नाही. सांगताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हा आपल्यातलीच एक बाई उठली आणि त्यांना पाण्याचा पेला देऊन आली. मग सगळ्यांना चीजचं सँडविच आणि पेरूचा रस दिला, आणि आम्ही तो प्यायलो, कारण घरून काही न खाता निघालो होतो.

मी चिडले नाही. का कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, तुमची वर्षं वाया गेली नाहीत, तुमच्या रक्तामुळे आम्हाला आता हे दुखणं दिसायच्या कितीतरी आधी ओळखता येतं. चांगल्या मनाचा माणूस आहे. 

तो जुना नियम तुला माहीत आहे: कुणाच्या रक्तात बोबेरा आहे आणि कुणाच्या नाही, हे आम्हाला सांगायचं नाही. म्हणून तर सुई सगळ्यांनाच टोचायचे, असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही, म्हणजे सुईवरून कुणी काही ओळखू नये. आता तो नियम सैल केलाय. ज्याला जाणून घ्यायचंय त्याला सांगतात. लगेच नाही पण. आधी सोरायदा नावाच्या एक मानसशास्त्राच्या बाई आहेत, त्यांच्याशी बोलायचं, मग घरी जाऊन विचार करायचा, परत बोलायचं, आणि शेवटी सोबत कुणाला तरी घेऊन जायचं. एकट्याला सांगत नाहीत.

मी बेर्ताला घेऊन गेले.

बुधवार

काल इथपर्यंत लिहिलं आणि गाय हंबरायला लागली, असं मी स्वतःला सांगितलं. गाय गप्प उभी होती.

आपल्या घरात ही तपासणी डॉक्टरांच्या कितीतरी आधी झाली होती. बेनिल्दा आत्याने केली होती, चुलीजवळ बसून, मका दळता दळता. एदिल्माचं कपाळ आईचं, ओफेलियाचं, हसणं ओफेलियाचं, रागावली की नाकही तसंच फुगतं, म्हणजे ओफेलियाचा बोबेराही हिच्याकडेच येणार. आणि लिबार्दोचे कान बघा, थेट बापाचे, हा सुटला. गावातल्या प्रत्येक घरात अशी एक बेनिल्दा आहे. कुणी तिला खोटं ठरवलं नाही, कारण आपण सगळे तेच मानत होतो. ज्याचा चेहरा, त्याचं दुखणं.

रुबिएल दूधवाला मागणी घालायला आला तेव्हा बाबांनी मला मागच्या दाराशी बोलावलं होतं. म्हणाले, "पोरी, चांगला मुलगा आहे. म्हणूनच म्हणतो. उद्या त्याने तुला भरवायचं का?" मी रुबिएलला नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा पार खालच्या पुलापर्यंत मागे वळून बघत गेला. आता त्याला नातवंडं आहेत आणि पोट तुझ्यापेक्षा मोठं आहे, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नकोस.

वाईट मला वाटलं होतं. पुष्कळ. पण मला वाटायचं, निदान हिशेब तरी सरळ आहे: माझ्यावर आलं, तू सुटलास. तू समुद्राकडे निघालास तेव्हा मी तुझे सदरे घडी करून दिले, आणि खरं सांगते, मनात एवढाही हेवा नव्हता. कुणीतरी सुटायला हवं होतं.

तर सोरायदाबाईंनी समोर बसवलं. बेर्ताने माझा हात धरला होता, घामेजलेला. बाई म्हणाल्या, "एदिल्मा, अजूनही नको म्हणू शकतेस. उठून गेलीस तरी आम्ही रागावणार नाही."

म्हटलं, "सांगा. मला सगळं माहीतच आहे."

त्या म्हणाल्या, "तुझ्यात ते नाही."

मी म्हटलं, "परत बघा. नाव चुकलं असेल. आमच्यात एदिल्मा पुष्कळ आहेत."

त्यांनी परत बघितलं. नाही म्हणजे नाही. म्हातारपणी इतरांसारखं काय व्हायचं ते होईल, पण आईला झालं ते मला होणार नाही. बेर्ता ओरडलीच, दात दाखवत, आणि मला मिठी मारली. मी मात्र तिच्या खांद्यावरून बाईंना विचारलं, "मग कुणाकडे गेलं?"

सोरायदाबाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "असं कुणाकडे जावंच लागत नाही, एदिल्मा. आईच्या मागे घरातल्या एकानेच ते घ्यायचं, असं नसतं. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. दोघांत असू शकतं, एकात असू शकतं, कुणातच नसू शकतं. आणि चेहऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही."

इतकी साधी गोष्ट! आणि आपण पोटच्या पोरांना चुलीजवळ बसून वाटून टाकलं, ही आजारी, हा बरा. मी तिथे रडले, लिबार्दो, आणि ते आनंदाचं रडू नव्हतं. बाबांचा राग आला, आत्याचा आला, दोघंही मेलेली, आता भांडू कुणाशी? बेर्ताने मला एका खानावळीत नेऊन मोठा वाडगाभर वजडीचं मोंदोंगो सूप खायला लावलं. मी सगळं खाल्लं. मग आपण जिवंत राहणार आहोत हे हळूहळू डोक्यात शिरायला लागलं, आणि भीती वाटली. एवढ्या वर्षांचं मी करू काय?

आता तू हे वाचून काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. "तिच्यात नाही, म्हणजे माझ्यात." थांब. मी आत्ताच वर लिहिलंय, तसं नसतं. वाटल्यास तेवढं परत वाच.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं.

गुरुवार

आता लिहिते. दोन दिवस पुरेसा वेळ काढला.

आई गेली तेव्हा तू माझ्यावर रागावलास. डॉक्टरांना मी आईचा मेंदू नेऊ दिला म्हणून. अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, "आईला अर्धंच पुरलंस तू." उत्तर आता देते. शुद्धीत होती तेव्हा आईनेच मला सांगून ठेवलं होतं, "नेऊ दे त्यांना, पोरी, माझ्या तो काही कामाचा राहिलेला नाही, बघू देत त्यांना तरी काय सापडतंय." तू रागावलास याचं मला आता काही वाटत नाही. त्यानंतर जे झालं त्याचं वाटतं.

नऊ दिवसांच्या प्रार्थनांना जपमाळ तू चालवलीस. आपल्या घरात ती नेहमी तूच चालवतोस, पुस्तकाशिवाय, बाबांकडून शिकलेली. पाचव्या संध्याकाळी, ओळीने एकेकदा म्हणायच्या पाच रहस्यांतलं दुःखाचं तिसरं रहस्य तू म्हटलंस, येशूच्या काट्यांच्या मुकुटाचं. बायकांनी उत्तर दिलं. ते संपलं आणि तू पुन्हा तेच सुरू केलंस. बायकांनी पुन्हा उत्तर दिलं. मग तू तिसऱ्यांदा तेच म्हणालास.  शोकात असलेल्या मुलाला जपमाळेत कुणी अडवत नाही, हे आपल्याकडचं तुला माहीत आहे. सगळ्या माना खाली घालून उत्तर देत राहिल्या. बेर्ताने मला कोपराने हलकंसं ढोसलं. शेवटी मी जोरात खोकले आणि चौथं रहस्य मीच सुरू केलं. तू माझ्याकडे बघून हसलास. तुला काही कळलं नव्हतं.

नंतर लोक म्हणाले, बिचारा, आईवर किती जीव होता. मीही तेच म्हणाले. आणि तेच खरं असेलही. शोकात माणसाचं भान राहत नाही. साखर वाढली असेल, झोप नसेल.

पण येसेनियाने परवा हसत हसत सांगितलं की तू दोनदा पिठात खमीर घालायला विसरलास आणि विटांसारखे पाव भट्टीतून काढलेस. ती हसली, मीही हसले, फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. लिबार्दो, तू मिसरूड फुटायच्या आधीपासून पीठ मळतोस.

आणि वालेरियाचा फोन आला होता. तुला न सांगता केला होता, तिच्यावर रागावू नकोस. म्हणाली, "आत्या, बाबा मला आईच्या नावाने हाक मारतात. आणि दुरुस्त केलं की चिडतात. काही होतंय का त्यांना?" जानेवारीत तिचं लग्न आहे. पोरीने याहून जास्त काही विचारलं नाही, पण तिला काय विचारायचंय ते मला कळलं. म्हटलं, "आधी मला तुझ्या बाबांना लिहू दे."

तुझ्यात ते आहे की नाही, मला माहीत नाही. मी काही बेनिल्दा आत्या नाही. तुझे कान बघून मी सांगणार नाही, आणि पाव बघूनही नाही. पण सोरायदाबाईंनी एक गोष्ट सांगितली. नवीन अभ्यास सुरू होतोय, वेगळं औषध. ते लागू पडेल असं कुणीही छातीठोक सांगत नाही, मागच्या वेळेनंतर तर मुळीच नाही. त्यात ते अगदी सुरुवातीला असलेल्यांनाच घेतात. फार पुढे गेलेल्यांना घेत नाहीत, म्हणतात आता उपयोग नाही. आईला आपण घेऊन गेलो तेव्हा असंच म्हणाले होते. आपण दोन वर्षं म्हणत राहिलो, थकली आहे, वय झालंय, बाबांच्या जाण्याने खचली आहे. तुझ्या बाबतीत मला तेच म्हणत बसायचं नाही.

म्हणून ये. रक्त दे, त्यांच्या त्या गोष्टी आठवायच्या परीक्षा दे. उत्तर ऐकायचं नसेल तर ऐकू नकोस, तो तुझा हक्क आहे. आणि काहीच निघालं नाही तर मी तुला साखर तपासायला नेईन, तुझ्या पोटावरून चार शिव्या देईन आणि बसमध्ये बसवून देईन.

येसेनियाला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. वालेरियाला मात्र खरं सांगायचं, जे असेल ते. तिला कुणी चुलीजवळ बसून सांगायला नको, तू अशी आणि तू तशी.

तू घाबरशील, मला माहीत आहे. मी एवढी वर्षं घाबरत काढली, त्यामुळे त्यातलं मला सगळं कळतं. पहाटे जाग येते तेव्हा काय करायचं, शब्द आठवला नाही की लगेच छातीत धस्स होतं त्याचं काय करायचं, ते सगळं तुला शिकवीन. तेवढं तरी त्या वर्षांचं चीज होऊ दे.

एकच गोष्ट राहिली. तू गाव सोडलंस त्या दिवशी बसच्या पायरीवर उभा राहून तू मला म्हणाला होतास, "तुला होईल तेव्हा मी परत येईन. शपथ. मी तुला भरवीन." ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि तू रडत होतास. मी त्या शब्दावर विसंबून राहिले, लिबार्दो. एकदाही शंका घेतली नाही.

मला ते होणार नाही. तरीही तू परत ये.

तुला कधीही न विसरणारी, आणि हे आता डॉक्टरांनीही सांगितलेलं,
तुझी बहीण
एदिल्मा