मी असलो की ओरडणारा बेडूक

२ एप्रिल
युनिव्हर्सिटीची मेल आली. मुदतवाढ मिळाली, ३० जूनपर्यंत. 'अंतिम' हा शब्द ठळक टायपात आहे. मागच्या वेळीही अंतिमच होती, पण ठळक नव्हती. म्हणजे आता मनावर घ्यायला हवं.
संकल्प: रोज प्रबंधाची दोन पानं. दुपारची झोप बंद.
दुपारी झोपलो. संकल्पाचं दडपण आलं होतं.

५ एप्रिल
प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजमागचं तळं बुजवून तिथे पार्किंग करायचं ठरलंय, जूनच्या मध्यात काम सुरू. मी म्हटलं, सर, माझं संशोधन त्याच तळ्यातल्या बेडकांच्या आवाजावर आहे. ते म्हणाले, अजून चालू आहे?
मग म्हणाले की तळ्यात एखादी दुर्मीळ जात सापडली तर कायद्याने काम थांबवावंच लागेल. माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटतं माझ्याने होणार नाही.
इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. वय सत्तेचाळीस. डिपार्टमेंटमध्ये सगळे डॉक्टर झाले, त्यातला एक तर माझा विद्यार्थी. पीएचडी नसेल तर जुलैपासून नोकरी नाही. आणि तळं गेलं तर पीएचडी नाही.

९ एप्रिल
गाइडबाईंकडे गेलो. बाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. त्या म्हणाल्या, सात वर्षांत तुम्ही तीन जातींचे आवाज रेकॉर्ड केलेत आणि तिन्ही शाळेच्या पुस्तकात आहेत. यात नवीन काय?
मी म्हटलं, अचूकता.
बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

१२ एप्रिल
चूक सापडली. आजवर मी रेकॉर्डर तळ्याकाठी लावून घरी यायचो. बेडकांना आपलेपणा कसा वाटणार? आता रोज रात्री तिथेच मुक्काम. तळ्याला लागून बंद पंपघर आहे. तिथे फोल्डिंगची खाट, मच्छरदाणी आणि उशाशी खिडकीच्या गजाला रेकॉर्डर.
बायकोला वाटेल मी घरादाराकडे पाठ फिरवली, या चिंतेत तिला सांगितलं. ती लगेच हो म्हणाली. उशी, चादर, डबा तिनेच भरून दिला. गेली दोन वर्षं पाठदुखीमुळे बिचारी दुसऱ्या खोलीत झोपते, पण विज्ञानाची कदर आहे.

१३ एप्रिल, सकाळ
पहिली रात्र जागून काढली. अधूनमधून डोळे मिटले, कारण डोळे मिटल्यावर कान तीक्ष्ण होतात. दहाच्या सुमारास मिटले, सहाला उघडले. इतका वेळ एकाग्र राहणं सरावाशिवाय जमत नाही.

१६ एप्रिल
चहाही न घेता लिहायला बसलोय.
कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. एक संपूर्ण नवा आवाज! आधी ओल्या लाकडावर करवत चालवावी तशी लांब खरखर. मग एकदम शांतता, जणू प्राण्याचा जीव गुदमरला. मग एक झटका, आणि शेवटी बारीक शिट्टी. असं रात्रभर. सगळी पुस्तकं चाळली, असा बेडूक कुठेच नाही.
तळं वाचलं. मी वाचलो.
प्रबंधाची पानं: शून्य. पण आता घाई नाही.

२१ एप्रिल
सासूबाई आल्या होत्या म्हणून काल रात्री घरी. रेकॉर्डर मात्र तिथे चालू ठेवला होता. आज ऐकलं तर माझ्या बेडकाचा पत्ताच नाही. नेहमीचीच डराव डराव, आणि त्यात कोणीतरी नखाने काच वाजवावी तशी टिकटिक. रात्रभर टिकटिक. डोकं उठलं. डिलीट केलं. कार्डात जागा कमी आहे, ती महत्त्वाच्या गोष्टीला हवी.

२८ एप्रिल
आता खात्रीच झाली. मी पंपघरात असलो की तो ओरडतो, घरी गेलो की नाही. मी आडवा झाल्यावर साधारण पाऊण तासाने सुरू. निष्कर्ष एकच निघतो: ही जात माणसाच्या सहवासाला प्रतिसाद देते. जगात कोणी हे नोंदवलेलं नाही. त्यातही सगळ्या माणसांना नाही, मला. नम्रपणे लिहितोय.
दुसरी गोष्ट, तो ओरडू लागला की तळ्यातले बाकीचे बेडूक गप्प होतात. म्हणजे वचक आहे.

३ मे
नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. गाइडबाईंना म्हटलं, तुमचं नाव देईन. प्राचार्यांना म्हटलं, तुमचं देईन, तळ्याचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक बोलवा आणि बाहेरचा तज्ज्ञ आणा. त्यांनी बोलावली, १४ जूनला. घरी आल्यावर बायकोलाही म्हटलं की तुझं देईन. ती म्हणाली, बेडकाला माझं नाव देऊ नका.
तिघांना कसं सांभाळायचं ते नंतर बघू. तीन जाती निघाल्या तर प्रश्नच नाही.

११ मे
आवाजाच्या जाडीवरून प्राण्याचं वजन काढायचं एक सूत्र आहे. दिवसभर बसून काढलं. उत्तर आलं चौऱ्याहत्तर किलो.
पुन्हा काढलं. चौऱ्याहत्तरच. सूत्र परदेशी बेडकांवर बेतलेलं आहे, आपल्याकडे लागू पडत नाही. दशांशचिन्ह तीन घरं सरकवलं. आता चौऱ्याहत्तर ग्रॅम, हे सुबक वाटतं.

१९ मे
बेडूक प्रत्यक्ष दिसायला हवा. तळ्यात गुडघाभर उतरून पाहिलं. शेवाळ, दोन बाटल्या, एक चप्पल. आता माझीही एक चप्पल.
काल ठरवून जागा राहिलो. थर्मास भरून कॉफी नेली आणि खुर्चीत ताठ बसलो, एकदाही डोळे मिटले नाहीत. तो एकदाही ओरडला नाही! उलट ती टिकटिक मात्र सतत. त्याला कॉफीचा वास चालत नाही हे उघड आहे. कॉफी बंद. कालची फाइल डिलीट.

२० मे
कॉफी न घेता गेलो आणि आडवा झालो. लगेच ओरडला. अंदाज खरा ठरला की किती बरं वाटतं.

३० मे
प्रबंधाची प्रगती: मुखपृष्ठ, आणि ऋणनिर्देशाची चार पानं. त्यातलं दीड पान बेडकाचं.
गाइडबाई फोनवर म्हणाल्या, मला ती क्लिप पाठवा. मी म्हटलं, समितीपुढेच वाजवेन, आधी फुटायला नको. त्या म्हणाल्या, मी तुमची गाइड आहे. मी म्हटलं, म्हणूनच.
रात्री झोप नाही. म्हणजे संध्याकाळी नाही. पंपघरात नेहमीसारखी एकाग्रता.

६ जून
बायकोने विचारलं, काय शोधलंय ते मला तरी ऐकवा. मी म्हटलं, थोडा धीर धर. तिला तोंडाने वर्णन करून सांगितलं: करवत, शांतता, झटका, शिट्टी. ती भाजी चिरत होती, थांबली. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अहो, एक बोलू?" मी म्हटलं, आत्ता नको, तंद्री मोडेल. ती पुन्हा चिरायला लागली.
आजकाल तिचा चेहरा ओढलेला दिसतो. नवऱ्याच्या यशाचं दडपण बायकांनाच जास्त येतं.

१३ जून
उद्या बैठक. शर्ट इस्त्री. भाषण पाठ. देवाशपथ, मला बाकी काही नको, नाव नको, सत्कार नको. पीएचडी हवी आणि नोकरी राहायला हवी. बाकीच्या लोकांसारखं नुसतं 'झालं एकदाचं' म्हणायला मिळावं. सात वर्षं घरात माझ्यामुळे कोणी सुट्टीला गेलेलं नाही.

१४ जून, दुपार
शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.
तज्ज्ञ आले होते. शांत माणूस, आवाजांवर आयुष्य घातलेला. समितीचे लोक, प्राचार्य, गाइडबाई, सगळे. मी भाषण केलं आणि क्लिप लावली. मोठ्या स्पीकरवर.
पहिली खरखर झाली. शिट्टी आली तेव्हा प्राचार्य खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाडी नाही. समितीतल्या एका बाईंनी पदर तोंडावर धरला. मला वाटलं भावना अनावर झाल्या.
तज्ज्ञांनी क्लिप दोनदा ऐकली. मग अगदी हळू विचारलं, "रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही कुठे असायचात?"
मी म्हटलं, तिथेच, रेकॉर्डरपासून दोन हातांवर.
"जागे?"
मी म्हटलं, डोळे मिटून.
मग ते बोलले. एकही शब्द लागट नव्हता, तेच जास्त लागलं. हा आवाज माणसाचा आहे म्हणाले, झोपेत घोरणाऱ्या माणसाचा, आणि श्वास मध्ये अडकतोय तेव्हा एकदा तपासून घ्या.
मी घोरत नाही, असं मी समितीपुढे स्पष्ट सांगितलं. बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंद झाली आहे.

१४ जून, संध्याकाळ
दुपारी सगळं लिहिलं नाही.
लोक उठायला लागले तेव्हा तज्ज्ञ एकटेच बसून राहिले, कानाला हेडफोन लावून. मला जवळ बोलावलं. म्हणाले, तुमचा श्वास जिथे अडकतो, त्या शांततेत मागे काहीतरी आहे, ऐका. ऐकलं. टिकटिक. नखाने काच वाजवावी तशी.
ते म्हणाले, मी चाळीस वर्षं बेडूक ऐकतोय, हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. पण दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांवर मी काही लिहून देऊ शकत नाही. ज्या रात्री तुम्ही तिथे नव्हतात, त्या फाइल्स द्या.
मी म्हटलं, त्या डिलीट केल्या.
"सगळ्या?"
कार्डात जागा नव्हती, मी म्हटलं. माझ्या घोरण्यासाठी जागा करायची होती, असं मात्र म्हणालो नाही, पण ते त्यांना कळलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर तळ्याकडे बघत राहिले. गाइडबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. सात वर्षांत पहिल्यांदा पुसला नाही.
हरकत नाही. तळं अजून आहे. आज रात्री रेकॉर्डर लावतो आणि घरी येऊन झोपतो. एक रात्र पुरे. तज्ज्ञ उद्या दुपारपर्यंत गावात आहेत, त्यांना थांबायची विनंती केली आहे.

१५ जून, सकाळ
सहा वाजता गेलो. रेकॉर्डर आणला. ऐकला.
रात्रभर पंपाचा आवाज. समितीचा निर्णय झाल्याझाल्या कॉन्ट्रॅक्टरने पाणी उपसायला घेतलं होतं. मी संध्याकाळी रेकॉर्डर लावला तेव्हा दोन मोठे पाइप शेजारीच पडले होते. मला वाटलं, पाणी भरणार असतील.
तळाशी चिखल आहे. चिखलात उतरलो, हाताने चाचपडलो, आवाज दिला. स्वतः टिकटिक करून पाहिली. काठावरून कामगारांनी विचारलं, साहेब, काय हरवलंय? मी म्हटलं, चप्पल. एकाने खरंच शोधून दिली.
तज्ज्ञांना फोन केला. म्हणाले, दुसरीकडे कुठे असेलही, शोधत राहा. चांगला माणूस आहे. मी फोन ठेवला आणि तिथेच काठावर रडलो.

१७ जून
गाइडबाईंची मेल. रजिस्ट्रेशन रद्द करायची शिफारस नाइलाजाने करत आहेत. प्राचार्यांनी जुलैचं टाइमटेबल लावलं. त्यात मी नाही.
घोरण्याचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. शास्त्रज्ञाने पुराव्याशिवाय काहीही मान्य करू नये. आज रात्री रेकॉर्डर घरी, माझ्या उशाशी. हे आधीच करायला हवं होतं, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, पद्धत मला शिकवू नकोस.

१८ जून, सकाळ
ऐकलं.
आडवा झाल्यावर पाऊण तासाने सुरू. करवत, शांतता, झटका, शिट्टी. तळं नाही, बेडूक नाही, फक्त मी. सात वर्षांत केलेला हा माझा पहिला प्रयोग, ज्याचा निष्कर्ष स्पष्ट आला.
पण बंद करता करता पुढचं ऐकू आलं. शांतता नेहमीपेक्षा लांबली आहे. मग दार करकरतं. अनवाणी पावलं. बायकोचा आवाज, अगदी हळू: "अहो, कुशीवर व्हा. व्हा बघू." खाट हलते. श्वास नीट सुरू होतो. ती लगेच जात नाही. थोडा वेळ उभी आहे, तिच्या बांगड्या ऐकू येतात. मग पावलं परत. पहाटेपर्यंत ती आणखी तीनदा आली आहे.
स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, तू रोज अशी उठतेस?
"रोजच. श्वास अडकला की मला तिकडे जाग येते," ती म्हणाली. मग पाठ वळवून चहाचं आधण ठेवलं. "तुम्ही तळ्यावर असायचात तेव्हा पहिले दोन दिवस छान झोपले. मग तिथे तुम्हाला कोण उठवणार, हेच मनात यायचं. पण तुम्ही इतके खूश होतात, म्हणून बोलले नाही."
कप पुढे केला. ती म्हणाली, साडेदहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची, शर्ट इस्त्री केलेला आहे, तोच घाला.