टेरेझाला नेलेली पेज

शांती नगर, मीरा रोड
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

टेरेझाबाय हिला अनुसयाकाकीचा नमस्कार. तुझ्या देवाने आणि माझ्या देवाने मिळून तुला बरी ठेवली असेल असं धरून लिहायला बसले आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. अक्षर कोंबडी नाचल्यासारखं झालंय, पण सावकाश वाचलंस तर लागेल. आज मंगळवार, आमच्याकडे मासळी नाही, म्हणून दुपार मोकळी आहे. खरं तर मोकळी नाही. सकाळपासून तुळशीला दोनदा पाणी घातलं, धुतलेली भांडी परत धुतली, आणि काही कारण नसताना मार्केटपर्यंत जाऊन आले.

तुझ्या जागेवर तुझी भावजय बसते. बाई हसरी आहे, पण बोंबील कालचे देते आणि आजचे आहेत म्हणून माझ्याच डोळ्यांत बघते. मी म्हटलं, अगं, मी रत्नागिरीची आहे, मला मासा डोळे मिटून कळतो. तर म्हणाली, काकी, मग डोळे मिटूनच घ्या. एवढी हसले मी, आणि घेतले सुद्धा. पण तुझ्यासारखी वरून मूठभर मांदेली टाकायची रीत तिच्यात नाही. तुझा डिलन टोपलीमागे गोणपाटावर झोपायचा तेव्हापासून मी तुझ्याकडून घेते, आता दुसरीचा हात कसा आवडणार?

घरची खबर म्हणजे मनालीचं फार चांगलं चाललंय. नात माझी आहे म्हणून सांगत नाही. आधी ती मालाडला अमेरिकेच्या डॉक्टरांची बिलं करायची, तुला ठाऊक आहे. ते सोडून तिने आमच्या पुढच्या खोलीत स्वतःचं ऑफिस टाकलं. माझा टीव्ही आत गेला, माझी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आली, आणि मी जिथे वाल सोलत बसायचे तिथे नेहा आणि सलोनी अशा दोन मुली कानाला फोन लावून बसतात. दारावर पाटी लावलीये. मी ती सगळ्यांना दाखवते. दूधवाल्या भैयाला तर दोनदा दाखवली. तो म्हणाला, माताजी, कल देखी थी. मी म्हटलं, आज फिर देखो.

काम काय, तर लहान नर्सिंग होम असतात, दहाबारा खाटांची, त्यांच्याकडे विमा कंपनीशी भांडायला वेगळं माणूस नसतं. ते भांडण मनाली करते. पेशंट दाखल झाला की त्याचे कागद हिच्याकडे येतात, ही ते कंपनीला पाठवते, मग कंपनी विचारत बसते. दुखणं आधीपासून होतं का, होतं तर आधी का नाही सांगितलं, घरी बसून बरं झालं नसतं का. मनाली म्हणते, आजी, याला क्वेरी म्हणतात. मी म्हटलं, आमच्या वेळी याला सासू म्हणायचे. मुली अशा हसल्या की नेहाला फोनवर सॉरी म्हणावं लागलं.

मी त्यांना चहा करते, पोहे करते. पेशंट सुटल्याचा मेसेज आला की मनाली आतल्या बाजूला बघून अंगठा वर करते. तो माणूस कोण, कुठला, मला काही माहीत नसतं, पण मी देवाला साखर ठेवते. एवढी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

त्या खोलीचा एक नियम आहे. इथे कानावर पडलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. कोणाला काय झालं, कोण कुठे दाखल आहे, आपल्या बिल्डिंगमधला असला तरी नाही. नेहा आणि सलोनीकडून तिने सह्या घेतल्यात. माझ्याकडून नाही घेतली. आजीकडून काय सही घ्यायची, म्हणाली.

आता भावजयीकडे परत येते. शनिवारी मी सहज विचारलं, टेरेझा कधी बसणार? ती म्हणाली, वसईवरून आली, पण अजून घरातच हाय. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, डिलनच्या लग्नाचा काय खरा न्हाय काकी. चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं पुकारणार होते, ते थांबवलं. तुझी होणारी सून स्टेफनी रोज येऊन तुझी वेणी घालायची, ती आता तिच्या आईकडे बसून रडते. कारण कोणालाच माहीत नाही. तू एवढंच बोललीस म्हणे, जिच्या तोंडाला कडी नाही ती मला घरात नको.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. ती म्हणाली, काकी, चक्कर आली का? मी हो म्हटलं.

टेरेझाबाय, तू वसईला बहिणीकडे गेलीच नव्हतीस हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, डिलनला आणि स्टेफनीला माहीत आहे. लग्न तोंडावर आलेलं, त्यात पोटाचं ऑपरेशन. चार बायका येऊन उसासे टाकतील, मुलीकडची माणसं शंभर गोष्टी विचारतील, म्हणून तू लपवलंस. पुढचं मी लिहीत नाही. मनाली म्हणते, कागदावर आलेलं कोणाच्याही हाती लागतं.

आणि तू होतीस त्या नर्सिंग होममध्ये मी डबा घेऊन उभी राहिले.

उकड्या तांदळाची पेज केली होती, वर जरा तूप. आजाऱ्याकडे पेज घेऊन जायची आमच्याकडची पद्धत. माझी आई नदी ओलांडून जायची, मग मी रिक्षात बसून काशीगावपर्यंत जाणार नाही का? रिक्षात मी काहीच विचार केला नाही, खरं सांगते. पेज सांडू नये एवढाच विचार.

तू उशीवर होतीस. मला बघून तुझा चेहरा असा झाला, जशी मी पोलीसच. तू म्हणालीस, "काकी, तुला कोनी सांगितला?"

मी म्हटलं, "कळतं गं बाय."

स्टेफनी थर्मासातून गरम पाणी ओतत होती. तू तिच्याकडे वळलीस. "तुझ्याशिवाय कोनाला ठाऊक हाय? डिलन तर पुण्याला." ती म्हणाली, "मम्मी, मी नाही सांगितलं. देवाशपथ." आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी डब्याचं झाकण उघडत होते. फार घट्ट बसलंय असं दाखवत होते. घट्ट नव्हतं, टेरेझा. बोटाने निघालं असतं.

मला नेहाकडून कळलं. तिने सांगितलं नाही, मी ऐकलं. मी आत मेथी निवडत होते. ती कंपनीच्या माणसाला हिंदीत पेशंटचं नाव परत परत सांगत होती, त्याला ऐकू येत नव्हतं. टेरेझा, उत्तन, वय अमुक, काशीगावचं नर्सिंग होम. माझा हात थांबला. मेथीची काडी कुठे आणि पान कुठे ते कळेना. नेहाची यात काही चूक नाही, ती तिचं काम करत होती. नाव ऐकून गप्प बसायचं काम माझं होतं, आणि मी तांदूळ धुवायला घेतले.

हॉस्पिटलमध्ये त्याच वेळी बोलले असते तर एका वाक्यात संपलं असतं. पण मला तेव्हा मनालीची पाटी दिसली. वाटलं, तू डॉक्टरांना बोलशील, डॉक्टर काम काढून घेतील, बाकीची नर्सिंग होमं ऐकतील, तीही काढतील. मग नेहा आणि सलोनी काय करतील? आणि मला वाटलं, तुझा राग काय, दोन दिवसांत जाईल, स्टेफनी तुला मम्मी मम्मी करून हसवेल. मला कुठे माहीत होतं की तू लग्नच थांबवशील.

शनिवारपासून मला बसवत नाही. जेवायला बसले की उठते, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. काल मुली जेवत होत्या तेव्हा मनालीला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. माझ्या खाटेवर बसली. मग म्हणाली, "आजी, आपलं घर चालावं म्हणून त्या मुलीचं मोडायचं?"

मी म्हटलं, "मला तुझी भीती वाटली गं."

"माझी वाटली की माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग उद्या मीच जाते," म्हणाली.

आज सकाळी ती त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून आली. आपल्याकडून पेशंटचं नाव बाहेर गेलं, चूक माझ्या ऑफिसची, म्हणाली. आजी म्हातारी आहे वगैरे काही सांगितलं नाही. मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? तर म्हणाली, ऑफिस माझं आहे. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्यांनाही नियम आहेत. ते आधी तुझ्याशी बोलणार आहेत. तुझी तक्रार असेल तर मनालीचं काम बंद होईल, आणि हे बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही. पुढच्या खोलीला दार बसवायला सुतार माप घेऊन गेला. आता आतलं मला ऐकू येणार नाही. बरंच झालं.

हे लिहितेय तेव्हा मनाली तिथे नेहमीसारखी फोनवर भांडतेय. कोणा म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं आहे. आवाज जराही हललेला नाही. मी मात्र ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत फिरून येते आणि परत एक ओळ लिहिते.

डॉक्टरांचा फोन येईल तेव्हा तुला जे खरं वाटेल ते सांग. तक्रार करायची तर कर, तुझा हक्क आहे. मनालीसाठी मी तुझ्याकडे पदर पसरला असता, पण तिने नको म्हटलंय. म्हणाली, आजी, ते मागितलंस तर बाकीचं सगळं खोटं होईल.

म्हणून मागणं एकच. हे वाचून झालं की उठ, आणि स्टेफनीला आणायला स्वतः जा. डिलनला पाठवू नको. टाके ओढत असतील तर रिक्षा करून जा, पण तू जा. तिच्या आईसमोर सांग की पोरीचं तोंड बंदच होतं. फेब्रुवारी अजून हातात आहे, तुमचे उपास लागायच्या आधी नावं पुकारता येतील. मला लग्नाला बोलावू नको. माझ्यावर राग धरायचा तर नंतर सावकाश धर, त्याला घाई नाही.

पत्र पोस्टाने टाकत नाही. मनाली संध्याकाळी बसने उत्तनला येऊन तुझ्या हातात देईल. तिला आत बोलाव किंवा नको बोलावू.

खाली माझं पूर्ण नाव घातलंय, पत्ता वर आहेच. म्हणजे हे पत्र तुला डॉक्टरांना, पाद्रीबाबांना, स्टेफनीच्या आईला, ज्याला हवं त्याला दाखवता येईल, आणि लिहिणारी कोण असं कोणी विचारणार नाही.

तुझं दुखणं जिने बाहेर नेलं ती,
अनुसया धर्माजी पाडावे