गच्चीची किल्ली आणि पाण्याचा तक्ता

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग मनातल्या मनात घातला असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटलीकडे नुसती बघतेस? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेतेस ना? जन्मभर वॉर्डातल्या लोकांना दटावून गोळ्या गिळायला लावल्यास आणि स्वतःची वेळ आली की तेवढी विसरतेस, हे मला ठाऊक आहे. माझी प्रकृती उत्तम. जेवण वेळेवर, झोप भरपूर, मन रमलेलं.

तुझं कार्ड मिळालं. 'मी तुझ्याकडे राहायला येऊ का? हो किंवा नाही, एवढंच लिही' असं तू विचारलं आहेस. हे तिसरं कार्ड. पहिल्या दोन्ही वेळेला मी 'गरज नाही, मजेत आहे' असं कळवलं, तरी तुझं समाधान झालेलं दिसत नाही. तेव्हा उत्तर शेवटी लिहितोच, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, आणि पार्श्वभूमी द्यायची तर गच्चीवरची शेती सांगावीच लागणार. (चौतीस वर्षं बस डेपोत ड्यूटीचे तक्ते करणारा माणूस एका शब्दात उत्तर देईल, अशी अपेक्षा तू तरी कशी ठेवलीस?)

आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असायचं आणि किल्ली सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे, हे तू पाहिलंच आहेस. अकरा वर्षं मी ते कुलूप कुणासाठी काढलं नाही. टाकी धुणारा आला की त्याच्या पाठीशी उभा राहायचो आणि तो उतरला की पुन्हा कुलूप. एकाला गच्ची दिली की चौदा बिऱ्हाडांना द्यावी लागणार, मग कुणी गाद्या वाळत घालणार, कुणी मोडकी कपाटं आणून टाकणार, आणि छत गळायला लागलं की पाचव्या मजल्यावर, म्हणजे माझ्याच डोक्यावर गळणार. सगळं कसं रीतसर होतं. ही गेल्यावर महिन्याभरानं मी सोसायटीची जुनी फाइल चाळत बसलो होतो (घरात माझं ऐकून घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं) आणि त्यात हिचा अर्ज सापडला. हो, अर्जच. माझ्या बायकोनं मला केलेला. 'माननीय सेक्रेटरी यांस, गच्चीवर वांगी, मिरच्या आणि थोडा पुदिना लावण्याची परवानगी मिळावी. दोन चटयांएवढी जागा पुरेल.' तोंडी तीनदा विचारूनही मी दाद दिली नव्हती, म्हणून थट्टेनं लेखी दिला होता. खाली माझ्या अक्षरात शेरा, 'विचाराधीन'. तारीख सात वर्षांपूर्वीची. त्या दिवशी आम्ही दोघं त्या शेऱ्यावर पोट धरून हसलो होतो, ताई. मग ती चहा टाकायला आत गेली आणि मी कागद फाइलला लावून टाकला. फार लागलं गं मला ते. दोन चटयांएवढी जागा मागितली होती तिनं. मी फाइल मांडीवर घेऊन तसाच बसलो, आत दूध उतू गेलं तेही मला कळलं नाही.

पुढच्या सभेत मी स्वतःहून विषय मांडला, गच्चीवर सामुदायिक शेती. जो माणूस अकरा वर्षं गच्चीचा कठडासुद्धा बघू देत नाही तो शेती करा म्हणतोय, तेव्हा तळमजल्यावरच्या शिंप्यानं उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी कारण सांगितलं नाही. इतिवृत्तात 'प्रलंबित अर्ज निकाली काढणे' एवढंच लिहिलं, चौदा किल्ल्या करून घरोघर वाटल्या आणि आम्ही कामाला लागलो.

आता मातीचं ऐक. माती खाली फाटकाशी येऊन पडली आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो (तोंडावर नाही), कारण जगातली कुठलीही गोष्ट ते फोनवर बघून अर्ध्या मिनिटात सांगतात. त्यांनी हिशेब मांडला की जिन्यात माणसांची रांग करून घमेली हातोहात वर दिली, तर चाळीस मिनिटांत काम फत्ते. दोन रविवार लागले. मधल्या मजल्यावर दोन बायकांचं बोलणं निघालं की घमेलं तिथंच थांबायचं आणि खाली घमेल्यांची अशी रांग लागायची की मला डेपोतल्या संपाचे दिवस आठवायचे. मातीसाठी पिशव्या शिंप्यानं शिवल्या, जुन्या ताडपत्रीच्या, दुहेरी टिपेच्या, धरायला कान लावलेल्या, आणि प्रत्येक पिशवीला बाहेरून एक खिसा. वांग्याला खिसा कशाला, असं मी विचारलं, तर हाताला सवय आहे म्हणाला. रोपं लावली दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. हातमोजे घालून, आरशाच्या काडीनं खोली मोजत. तण उपटायला त्या अक्कलदाढेचा चिमटा आणायच्या आणि उपटण्याआधी शेजारच्या मिरचीला 'घाबरू नका' म्हणायच्या. हसू नकोस, तेवढे दिवस खरोखरच बरे गेले.

आणि मग माझा तक्ता. ताई, असा तक्ता मी डेपोतसुद्धा केला नव्हता. एक घर, एक दिवस, एक वेळ, पिशवीमागे एक तांब्या पाणी. सुट्टीची सोय, बदलीची सोय, आजारपणाचा रकाना. तरी तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. मुळं कुजली. सर्वज्ञांनी फोनवर अकरा रोग शोधून काढले (त्यातला एक फक्त मेंढ्यांना होतो). पहिलं पीक म्हणून एक वांगं आणि चार मिरच्या आल्या. ते वांगं सगळ्यांसमक्ष चौदा भाग करून वाटलं, कापलं अर्थातच डॉक्टरीणबाईंनी. माझ्या वाट्याला आलेला तुकडा मी हिच्या फोटोपुढे ठेवला आणि दोन दिवसांनी उचलला. त्याच आठवड्यात माझ्या झोपायच्या खोलीत छत ठिबकायला लागलं, नेमकं हिच्या बाजूच्या उशीवर. सेक्रेटरी या नात्यानं मी रहिवासी या नात्यानं मला दिलगिरीचं पत्र दिलं आणि सही करून घेतलं. पलंगावर बादली ठेवली. बादली भरली की पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून वर नेऊन झाडांना घालायचो, म्हणजे तेच पाणी पुन्हा खाली यायला मोकळं. झोपायला मी तेव्हापासून बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर (वर 'झोप भरपूर' लिहिलं आहे ते या हिशेबानं वाच).

एवढं पाणी घालतं कोण, हे शोधायलाच हवं होतं. म्हणून गेल्या गुरुवारी सकाळी सहाला वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली घेऊन टाकीच्या मागे दबा धरून बसलो. सहा चाळीसला डॉक्टरीणबाई. त्यांची पाळी रविवारी. पालथ्या बादलीवर बसल्या आणि वांग्याच्या रोपाला काल रात्री काय जेवल्या ते सांगत राहिल्या. दिवसभर ज्यांच्याशी बोलतात त्यांच्या तोंडात कापूस असतो आणि घरी गेल्यावर कुणी नसतं. बोलून झाल्यावर उठल्या आणि सगळ्यांना दोन दोन तांबे घातले. सव्वानऊला सर्वज्ञ, ऑफिसची बॅग घेऊन. मला वाटलं जाता जाता डोकावले असतील. ते दुपारपर्यंत तिथंच. डबा उघडला, दोन घास खाल्ले, मिटला. मग फोनवर कुणाला तरी काम आहे का विचारत होते, नोकरी जाऊन चार महिने झाले म्हणाले, घरी अजून सांगितलं नाही म्हणाले (ताई, हे तुझ्यापाशीच ठेव). फोन खिशात घातला आणि बादली भरायला लागले. हातांना काहीतरी काम नको का माणसाच्या? एकदा सगळ्या झाडांना घातलं, मग पुन्हा एकदा. भर उन्हात शिंपी आला. सुई आणि दोरा घेऊन कठड्याशी उभा राहिला आणि दहा मिनिटं ओवायचा प्रयत्न केला, लख्ख उजेडात तरी दिसेल म्हणून. नाहीच ओवता आली. सुई कॉलरला टोचून ठेवली आणि त्यानंही तांब्या उचलला. ज्यांची त्या दिवशी खरी पाळी होती ते चौथ्या मजल्यावरचे घरजावई ठरल्या वेळी आले, माती ओली बघितली आणि आल्या पावली परत गेले. वहीत सगळी नोंद आहे. कुणाकुणाला कशी नोटीस काढायची, याचा मसुदासुद्धा मनात तयार होता.

तेवढ्यात शिंप्यानं मला पाहिलं. दोरा दिसत नाही, पण सेक्रेटरी दिसला. तो म्हणाला, "आज टाकीमागे का बसलात? रोज तर तिकडे पुढे बसता."

मी म्हटलं, चोर पकडायला बसलोय. पाणी जास्त होतंय, झाडं मरताहेत, आणि नियम मोडणारा सापडायला हवा. त्यानं तांब्या खाली ठेवला. मग माझ्या शेजारी खाली बसला.

"दिवसातनं पाच वेळा बादली घेऊन तुम्हीच येता, सेक्रेटरी. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. झाडं काय, परत लावता येतील, म्हणून कुणी बोललं नाही."

मला ते खरंच ठाऊक नव्हतं गं. मी छताचं पाणी नेत होतो, मी देखरेखीला जात होतो, पानं मोजायला जात होतो. माझ्या वहीत माझं नाव कुठंच नव्हतं. आणि ही सगळी माणसं आपापलं दुःख घेऊन चोरून वर येत होती, आणि वर मी दिसलो की माघारी फिरून माझ्यासाठी जागा सोडत होती. मी टाकीला टेकून रडलो. हॉस्पिटलात रडलो नव्हतो, तू होतीस तिथं, तू किती वेळा म्हणालीस की मोकळा हो. त्या भर दुपारी मोकळा झालो. शिंप्यानं डोळे पुसायला खिशातून कापड काढून दिलं (नंतर बघितलं तर कुणाच्या तरी झब्ब्याची बाही होती). शेवटी मी त्याला हिच्या अर्जाचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की दोन चटया म्हणजे नक्की कुठली जागा तिच्या मनात होती. आणि ताई, ते मला सांगता आलं नाही. मी तिला कधी वर नेलंच नव्हतं.

शुक्रवारी नवा तक्ता केला. त्यात आता दोन रकाने आहेत. 'पाणी घालणार' या रकान्यात दिवसाला एकच नाव. 'नुसते बसणार' या रकान्यात कितीही नावं, तांब्याला हात न लावण्याच्या अटीवर. सर्वज्ञांचं नाव मी रोज सव्वानऊ ते साडेपाच असं लिहिलं. त्यांनी तक्ता वाचला, माझ्याकडे बघितलं, सही केली, आणि काल म्हणे घरी सांगितलं. मेलेली रोपं उपटून टाकली. पुदिना तेवढा जगला, त्याला पाणी कितीही चालतं. हिच्या अर्जावर जुना शेरा खोडून 'मंजूर' लिहिलं आणि खाली खरी तारीख घातली. मागची तारीख घालायचा मोह झाला होता, पण घातली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. येण्याची गरज नाही. माझं सगळं ठीक चाललं आहे, शेजार चांगला आहे, आणि तुझ्या गुडघ्यांना अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढायला लावणं मला शोभत नाही. प्रकृतीला जप.

तुझा आज्ञाधारक (हे तू मानणार नाहीस),
धाकटा

ता. क. 'जेवण वेळेवर' असं वर लिहिलं आहे. वेळ मी पाळतो. जेवण म्हणजे दूध आणि पाव.

ता. क. छताची दुरुस्ती झाली. आतली खोली कोरडी आहे आणि रिकामी आहे. खिडकीतून हवा चांगली येते. सहज कळवलं.

ता. क. शिंप्यानं जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक स्टूल आणून ठेवलं आहे, वर गादी शिवून. गादीला खिसा आहे. तुझ्या गुडघ्यांचं मी त्याच्याजवळ बोलता बोलता काढलं असेन, मला नीट आठवत नाही.

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. तू तीनदा विचारलंस, ताई. हिनंही तोंडी तीनदाच विचारलं होतं. वरचं 'नाही' खोडलेलं समज. नव्या तक्त्यात मंगळवार, संध्याकाळी साडेपाच. पाणी घालणार, मी. नुसते बसणार, ताई. तक्ता जिन्यात लावून झाला आहे.